डाव्या हाताने दूध

हॅलम, आयोवा
३० ऑगस्ट १९८७

मर्ल,

तू या घटकेला कुठल्या शाळेच्या मैदानाबाहेर खेळणारी पोरं हेरत घडीची खुर्ची टाकून बसला आहेस ते देव जाणे, म्हणून पत्र क्लबच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्यामागे फिरत फिरत पोचायला आठवडा लागेल. लागू दे, घाईचं काही नाही.

तू दर वर्षी विचारतोस म्हणून आधी पोरांचं सांगते. यंदा गावच्या बेसबॉल टीममधली तिघं माझ्याकडे राहिली. गावातल्या घरांनी तुमच्या क्लबची खालच्या लीगांतली ही पोरं वाटून घ्यायची, एप्रिल ते सप्टेंबर जेवूखाऊ घालायचं, हे माझं आता सहावं वर्ष. तू खेळाडूंना गुण देतोस त्या वीस ते ऐंशीच्या फूटपट्टीने सांगायचं तर शॉर्टस्टॉपला खेळणारा धुणं जमिनीवर टाकतो आणि वर माझ्याकडेच बघतो, त्याला तीस. कॅचर स्वभावाने गरीब, पण आंघोळीला पाऊण तास घेतो, म्हणून पंचेचाळीस. मी भाजते त्या रुबार्बच्या गोड 'पाय'ला मी स्वतः साठ दिलेत. पन्नास म्हणजे चारचौघांसारखं हे तूच शिकवलंस, आणि ऐंशी कुणालाच द्यायचे नसतात हेही.

तिसरा डेलबर्ट क्वेड, तूच मिसूरीच्या कुठल्या आडगावातून उचलून आणलेला. मैदानावर उजव्या हाताने काय चेंडू फेकतो ते तुमच्या वहीत असेल. घरात फार बोलत नाही. आपली बशी आपण धुतो, रविवारी आईला फोन करतो. नाश्त्याला ओर्विलच्या शेजारी बसतो. हल्ली दूध डाव्या हाताने ओततो. पहिले दोन दिवस टेबलक्लॉथ भिजवला, आता थेंब सांडत नाही.

ओर्विल बरा आहे, तुझ्या मेव्हण्याची काळजी नको. मे महिन्यात आजारी होता ते कळवलं होतं. जरा मंदावलाय, एवढंच.

एक विचारते, सरळ उत्तर दे. डेलबर्ट एप्रिलमध्ये परत माझ्याकडे येणार का? वरच्या लीगमध्ये पाठवणार असाल तर त्याचं भलंच आहे, मी आड येणार नाही. पण मला आधी कळायला हवं. इथे घरात कुणाला काय सांगायचं ते ठरवावं लागतं.

थोरा


अमारिलो, टेक्सास
९ सप्टेंबर

थोरा,

पत्र तीन मोटेलं हिंडून पोचलं. इथे वारा इतका आहे की चेंडू कुठे जातोय याचा माझ्या वहीशी काही संबंध उरत नाही. आज एका पोराला पंचेचाळीस लिहिले, मग खोडून चाळीस केले. संध्याकाळी वाडगाभर चिली, तो तिखट मांसाचा रस्सा, खाल्ली. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

डेलबर्टचं सांगतो, पण तुझ्यापाशीच ठेव. क्लबने गेल्या आठवड्यात दुसऱ्या क्लबकडून एक म्हातारा कॅचर घेतला, महिनाभराच्या गरजेपुरता. बदल्यात द्यायचा एक खेळाडू, 'नाव नंतर सांगू' या बोलीवर. आमच्या धंद्यात ही जुनी पद्धत आहे. आपण खालच्या लीगांतल्या पाच जणांची यादी समोरच्यांना द्यायची, त्यातला एक ते डिसेंबरपर्यंत निवडणार. त्या पाच जणांना आपण यादीत आहोत याचा पत्ताही नसतो. यादी करायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात टाकलंय. डेलबर्ट त्यात नाही. एप्रिल-मे तुमच्याकडे काढेल, जूनमध्ये वर जाईल, असं वहीत आहे. तेव्हा निश्चिंत राहा.

दुसरं सहजच विचारतो. तो कोपराला बर्फ लावतो का? झोपतो नीट? बॅग कुठल्या हाताने उचलतो? कोचचा फोन होता. म्हणाला, जुलैपासून चेंडूचा वेग ताशी दोन मैलांनी उतरलाय आणि चेंडू पुढे जाऊन खाली बसतो. मी यंदा त्याला एकदाही पाहिलेलं नाही. आयोवाला यायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहून गेलं.

ओर्विलला सांग, बरं असण्याची सवय कर.

मर्ल


हॅलम
२७ सप्टेंबर

मर्ल,

पोरं चौदा तारखेला गेली. शॉर्टस्टॉप एक मोजा विसरलाय. दुसरा कुठे आहे ते त्यालाच ठाऊक.

बर्फ फ्रीजमध्ये होता तसाच आहे. झोपायचा दगडासारखा. दुखतंय असं कधी म्हणाला नाही, पण ही पोरं म्हणतात का कधी? आणि हो, तू विचारलंस म्हणून आठवलं, जाताना बॅग डाव्या हातात होती. मी म्हटलं, अरे तो हात उपटून निघेल. तर म्हणाला, "आता याच हाताची सवय झाली, मिसेस हॅल्व्हर्सन." ओर्विल त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला. घराबाहेर पडला याचंच मला बरं वाटलं.

तू यादीत नाही म्हणालास ते वाचून हायसं वाटलं. मी ओर्विलला सांगून टाकलं की पोरगा एप्रिलमध्ये येतोय. कॅलेंडरवर खूणही केली. रोज सकाळी ती त्याला दाखवते.

घर शांत आहे. मी तीन अंडी जास्तीची फोडते आणि मग लक्षात येतं.

थोरा


टल्सा, ओक्लाहोमा
१८ ऑक्टोबर

थोरा,

यादी गेली. आता माझ्या हातात काही नाही.

तू पोरासाठी खोली रंगवायच्या वगैरे भानगडीत पडू नकोस. या धंद्यात एप्रिलबद्दल ऑक्टोबरात कुणी बोलत नाही. मी बोललो ते चुकलंच.

इथे पाऊस आहे, खेळ बंद आहेत. मी दिवसभर मोटेलच्या खोलीत जुन्या वह्या चाळतोय. वाचताना काही वाटत नाही. कुणाला कधी पन्नास दिले, कुणाला पंचावन्न, त्यातले निम्मे आता ट्रक चालवतात. आकडे बरोबर होते.

मर्ल


हॅलम
२२ नोव्हेंबर

मर्ल,

खोली रंगवून झाली होती तुझं पत्र आलं तेव्हा. फिकट पिवळी. आता काय, खरवडून काढू?

डेलबर्टचा फोन आला होता. गावाकडे लाकडाच्या वखारीत काम करतोय थंडीभर. दोन मिनिटं माझ्याशी बोलला, मग म्हणाला, ओर्विलना द्या. मी रिसीव्हर ओर्विलच्या कानाला धरला. पोरगा पलीकडून पंधरा मिनिटं एकटाच बोलत होता. काय बोलत होता मला ऐकू आलं नाही. ओर्विलने रिसीव्हर सोडला नाही, शेवटी मलाच बोटं सोडवावी लागली.

खाणं कमी झालंय त्याचं. सकाळचं तर नाहीच.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगला टर्की छोटीच आणते आहे. तू येणार नाहीस हे धरूनच चालले आहे, तरी बोलावते.

थोरा


डॅलस
९ डिसेंबर

थोरा,

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. इथे सगळ्या क्लबांची हिवाळी बैठक चालू आहे. आज दुपारी हॉटेलच्या लॉबीत समोरच्यांच्या माणसाने मला चिठ्ठी दिली. त्यांनी डेलबर्टला निवडलं. उद्या त्याला फोन जाईल. एप्रिलमध्ये तो ओरेगॉनात असेल.

ऐन वेळी यादीत एक बदल करावा लागला होता. क्लबचा निर्णय असतो, त्यात एका माणसाचं काही चालत नाही. पोराचं वाईट होणार नाही. नवा क्लब आहे, नव्याने बघतील.

सांगायचं काम होतं, सांगितलं. मग खाली जाऊन सँडविच खाल्लं आणि वर येऊन झोपलो. मला वाटलं होतं जास्त त्रास होईल.

कॅलेंडरवरची खूण पुसून टाक.

मर्ल


हॅलम
६ जानेवारी १९८८

मर्ल,

तुझं पत्र आलं तेव्हा उत्तर द्यायला हात उठला नाही. नाताळही कसा गेला कळलं नाही. शेजारच्या मिसेस टॉल्सरूड लेफ्से, नाताळच्या बटाट्याच्या पोळ्या, देऊन गेल्या, त्या तशाच वाळून गेल्या.

खूण पुसलेली नाही. शाईची आहे.

आता नीट वाच. काल डेलबर्टचं पत्र आलं. नव्या क्लबने त्याला डॉक्टरकडे बोलावलं होतं. त्या डॉक्टरने दीड तास त्याचा कोपर दाबला, वाकवला, फोटो काढले. शेवटी म्हणाला, इतका चांगला हात तुझ्या क्लबने यादीत का घातला हे आम्हाला कळत नव्हतं, आम्हाला वाटलं आत काहीतरी मोडलेलं असणार, पण काहीच नाही. पोरगा मला विचारतो, मिसेस हॅल्व्हर्सन, माझं काय चुकलं? मी तुमच्याकडे नीट वागलो नाही का?

मला चार महिन्यांपूर्वी तू लिहिलंस की तो यादीत नाही. पत्र माझ्यासमोर आहे. मग 'ऐन वेळी बदल' तो कुणी केला? क्लब म्हणजे कोण? नाव असेल ना त्याला. 'नाव नंतर सांगू' हे मला चालणार नाही.

थोरा


लिटल रॉक, आर्कान्सा
१५ जानेवारी

थोरा,

बदल मी केला.

कोच म्हणाला वेग उतरलाय. चेंडू खाली बसतोय. तू लिहिलंस की तो दूध डाव्या हाताने ओततो. मग लिहिलंस की बॅग डाव्या हातात होती. उजव्या हाताने फेकणारा माणूस साधा दुधाचा जग उजव्या हाताने उचलत नाही, याचा माझ्या धंद्यात एकच अर्थ होतो. कोपर गेलाय आणि पोरगा लपवतोय. अशी वीस पोरं मी पाहिली आहेत. काट्याने खाताना हात बदलतात, दार डाव्याने उघडतात. त्यावरून मी आजवर कधी चुकलो नव्हतो. फुटायच्या आत दुसऱ्याच्या गळ्यात बांधावा म्हणून मी त्याचं नाव यादीत घातलं. साहेबांनी शाबासकी दिली.

आणि आता लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. आमच्या अहवालात 'स्वभाव' म्हणून एक रकाना असतो. गेली सहा वर्षं तुझ्याकडे राहिलेल्या प्रत्येक पोराचा तो रकाना मी तुझ्या पत्रांवरून भरतो. कोण बशी धुतो, कोण आईला फोन करतो, कोण धुणं फेकतो. तुझंच वाक्य असतं, खाली सही माझी. म्हणून मी दर वर्षी आधी पोरांचं विचारतो.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

पण कोपर ठीक होता तर दूध डाव्या हाताने का ओतत होता, ते मला कळत नाही.

मर्ल


हॅलम
२४ जानेवारी

मर्ल,

कळत नाही ना? मग सांगते. यात माझीही चूक आहे, तीही सांगते.

ओर्विल 'जरा आजारी' नव्हता. अकरा मेला सकाळी दाढी करताना तो खाली पडला. मेंदूचा झटका. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. तेव्हापासून एक शब्द त्याच्या तोंडून आलेला नाही. तीस वर्षं या गावात अंपायर होता, त्याने "आउट" म्हटलेलं धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू जायचं, तो हा माणूस. तुला कळवलं नाही, कारण तुला कळवलं असतं तर तू 'काळजी घे' असं चार ओळींचं पत्र टाकून पुढच्या गावाला गेला असतास, आणि ते वाचायची ताकद माझ्यात नव्हती. म्हणून 'बरा आहे' लिहीत राहिले. लिहिता लिहिता ते मलाही खरं वाटायला लागलं.

जून संपेपर्यंत तो नुसता बसून असायचा. मी भरवलं तर तोंड मिटून घ्यायचा. डेलबर्ट त्याच्या डाव्या बाजूला बसायचा, तिथेच जागा होती. एका सकाळी ओर्विलने आपला धड हात पुढे केला आणि पोराचा उजवा हात धरला. उलटा करून पाहिला. मग त्याची दोन बोटं सरळ केली, अंगठा खाली वळवला. लग्नाआधी तो गावच्या टीमसाठी चेंडू फेकायचा, तुला आठवत नसेल, तू लहान होतास. पोरगा उठला, खोलीतून चेंडू घेऊन आला आणि त्या बोटांत ठेवला. ओर्विलने बोटं शिवणीवर बसवली. मग हात सोडलाच नाही. तसाच धरून डेलबर्टने डाव्या हाताने त्याला ओटमील भरवलं. आणि ओर्विलने खाल्लं.

त्या दिवसापासून रोज तसंच. एक हात ओर्विलपाशी, म्हणून दूध दुसऱ्या हाताने. ओर्विल पाय ओढत फाटकापर्यंत गेला तोही पोराचा हात धरूनच, म्हणून बॅग डावीकडे. आणि तुझे ते दोन मैल! ओर्विलने शिकवलेल्या पकडीने तो जुलैपासून फेकायला लागला होता. वेग थोडा जातो पण चेंडू शेवटी खाली बसतो, आता कुणाला मारताच येत नाही, असं त्याने मला टेबलावर सांगितलं होतं. मला त्यातलं काय कळतं, म्हणून लिहिलं नाही.

तुझ्याकडे सगळा हिशेब बरोबर होता मर्ल, फक्त तू टेबलाशी नव्हतास.

सहा वर्षं मला वाटायचं, रस्त्यावर हिंडणारा माणूस आहे, घरच्यांची आठवण येते, म्हणून माझ्या पत्रांची वाट बघतो. मी मुद्दाम चार गोष्टी जास्तीच्या लिहायचे. मला राग यायला हवा. सकाळपासून वाट बघते आहे, येत नाही. भांडी घासली, बर्फ उपसला, ओर्विलची चादर बदलली.

मी माझा हात देऊन पाहिला. तो धरतो, चाचपतो आणि सोडून देतो.

डेलबर्टला मी कळवलं आहे की त्याचं काही चुकलं नाही. कुणाचं चुकलं ते लिहिलं नाही.

थोरा


लिटल रॉक
२ फेब्रुवारी

थोरा,

साहेबांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पुढच्या वेळी दूध स्वतः जाऊन बघ. नोकरी आहे अजून. का आहे माहीत नाही.

मला आठवतं. ओर्विल फेकायचा ते मला आठवतं. मी कुंपणावर बसायचो. कुणाकडे डोळे उघडे ठेवून पहिल्यांदा बघितलं असेल तर त्याच्याकडे.

फ्लोरिडाला सराव शिबिर सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे चार दिवस आहेत. येऊ का?

मर्ल


हॅलम
८ फेब्रुवारी

मर्ल,

ये. नाश्ता पावणेसातला असतो. वही आणू नकोस.

थोरा


डेव्हनपोर्ट, आयोवा
२१ फेब्रुवारी

थोरा,

अजून आयोवातच आहे. रस्त्यावर बर्फ आहे म्हणून पुढे जाऊ देत नाहीत. तुझ्या घरून निघून चार तास झालेत. तू दिलेलं सँडविच खाल्लं.

आज सकाळी तू शेगडीपाशी होतीस, पाठ आमच्याकडे होती. तू वळलीस तेव्हा सगळं झालेलं होतं आणि तू काही विचारलं नाहीस. म्हणून लिहितो. अहवाल नाही हा, कुठल्याही रकान्यात जाणार नाही.

पहिले तीन दिवस ओर्विलने माझ्याकडे पाहिलंच नाही, ते तुला माहीत आहे. मी रोज डेलबर्टच्या खुर्चीत बसलो, उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो तसाच पडून राहिला. पिवळ्या खोलीत झोपत होतो. रंग चांगला आहे.

आज त्याने हात पुढे केला. माझा हात धरला आणि उलटा केला. मी आयुष्यभर पोरांचे हात बघत आलो, माझा हात कुणी असा बघितला नव्हता. मला एक खेळाडू कळायला तीन डाव लागतात. त्याने माझी दोन बोटं सरळ केली, अंगठा वळवला आणि थांबला. माझ्याकडे बघत थांबला. चेंडू यायची वाट बघत होता. माझ्याकडे चेंडू नव्हता. बत्तीस वर्षं या धंद्यात आहे आणि तुझ्याकडे येताना बॅगेत एक चेंडू टाकायचं मला सुचलं नाही.

मग त्याने माझी बोटं परत मिटवली, एकेक करून. हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला, शेजारणीचं भांडं परत करावं तसा. रागाने नाही. मग खिडकीबाहेर फाटकाकडे बघायला लागला.

तू पॅनकेक घेऊन वळलीस आणि म्हणालीस, दूध घे.

मी घेतलं. उजव्या हाताने ओतलं.

मर्ल